तीन टप्प्यांची विहीर

मित्रांनो, मी एक जुनी विहीर आहे. पण माझ्यात डोकावून पाणी शोधू नका. आखाती देशातल्या अल ऐन शहराच्या बाजूला, वाळवंटात, साडेचार हजार वर्षांपूर्वी मला खणले. तेव्हा इथे पाऊस बरा पडे. दोन माणसांच्या उंचीइतके खोल गेले की पाणी लागे. माझ्या जिवावर खजुराच्या सावलीत गहू पिके, आणि लोक माझे कौतुक करत.

मग पाऊस कमी होत गेला. पाणी खाली गेले, तशी माणसेही माझ्या तळाशी उतरून आणखी खणू लागली. दर वेळी खणणे थोडे अरुंद होई, म्हणून माझ्या भिंतीला पायरीसारखे तीन टप्पे पडले. चौथ्यांदा कोणी उतरले नाही. एका उन्हाळ्यात सगळे सामान बांधून निघून गेले. पुढे कित्येक शतकांनी माणसे जमिनीखालच्या पाटाने डोंगराकडचे पाणी आणायला शिकली, वस्ती परतली. पण तोवर मला वाळूने झाकले होते.

२००७ साली एका हॉटेलचा पाया खणताना मी सापडले. भूजलशास्त्र शिकलेल्या वीणाताई दोराने उतरून माझे टप्पे मोजू लागल्या. पुढच्या वर्षी मंदी आली आणि क्रेन जागच्या जागी थांबल्या.

साइट मॅनेजर सिद्धांत म्हणाला, "मॅडम, उघडा खड्डा सोडून जाता येणार नाही. मलबा टाकू, वर काँक्रीट, खलास!"

"मलब्याने टप्पे फुटतील, सिद्धांत. पाणी कसं कसं खाली गेलं, ते तिथेच तर दिसतं."

"पण कुंपणाला बजेट नाही. माझीच नोकरी टिकली तर टिकली, इन्शाल्ला!"

वीणाताईंनी माझ्या काठाची वाळू मुठीत घेतली. मग म्हणाल्या, "बुजवू या. पण चाळलेल्या वाळूने."

लोडर चालवणारे रत्नागिरीचे हमीदभाई हसले. "ताई, आमच्याकडे विहीर बुजवणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या बसतात. आणि तुम्ही पाण्याचं शिकलेल्या!"

"उघडी राहिली तर वारा आणि कचरा खाईल तिला. इतकी वर्षं वाळूनेच सांभाळलं ना?"

"वाळवंटात वाळू चाळायची! बायकोला सांगितलं तर म्हणेल, उन्हाने डोकं फिरलं." पण ते चाळण आणायला गेले.

मी घाबरले होते. इतक्या काळोखानंतर जेमतेम वर्षभर ऊन पाहिले होते. वीणाताईंनी तळाशी जाड कापड अंथरले, म्हणजे पुढे कोणी खणले तर कुठे थांबायचे ते कळेल. टप्प्यांच्या कडांखाली त्यांनी हाताने वाळू दाबून भरली. सिद्धांतनेही बाह्या दुमडून घमेले उचलले. वाळू हलके हलके चढत आली, आणि मला कुठेही खरचटले नाही.

हॉटेल पुढे झालेच नाही. मी अंधारात आहे, पण शाबूत आहे. मित्रांनो, तुमच्या गावात एखादी कोरडी विहीर असेल तर तिच्यात कचरा टाकू नका. पाणी गेल्यावरही तिच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. ते ऐकणारा अजून जन्माला यायचा असेल.