बाळंतिणीची खिडकी

चिखलीजवळच्या त्या गावात नारायणरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लिंबाखाली बाजेवर त्यांची धाकटी मुलगी पूनम, पंधरा दिवसांची बाळंतीण, डोळे मिटून पडली होती आणि उकंडबुवा महाराज मोरपिसांचा कुंचा फिरवत तिच्याभोवती घुमत होते. "सोड तिले, कौशल्ये. सात समुद्र ओलांडून जाय." बुलढाणा जिल्ह्यातल्या हडळीला समुद्राची वाट कोण दाखवणार, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. अर्ध्या तासात पूनमनं डोळे उघडून पाणी मागितलं. बायकांनी हात जोडले. या आठवड्यातला हा तिसरा चमत्कार होता.

कौशल्या ही नारायणरावांची बहीण. बावीस वर्षांपूर्वी बाळंतपणाला माहेरी आली आणि अशाच थंडीत, आता पूनमला ठेवलं होतं त्याच खोलीत, लेकरासकट गेली. तेव्हापासून तिन्हीसांजेला तिचं नाव कोणी घेत नसे आणि त्या खोलीची खिडकीही कोणी उघडली नव्हती. आता म्हणे ती पूनमच्या छातीवर येऊन बसत होती.

"आता तीन दिवस दार उघडायचं नाई," महाराजांनी हुकूम सोडला. "खिडकीच्या फटीत आणखी चिंध्या कोंबा. हे माह्या मठातले मंतरलेले कोळसे. शेगडी इझू द्यायची नाई. ती बाळंतिणीच्या तोंडून म्हणन, खिडकी उघडा. उघडू नका. तिले त्याच वाटेनं लेकरू न्याचं हाय."

पूनमची आई अन्नपूर्णाबाई लगबगीनं चिंध्या शोधू लागली. पूनम खरंच तसं बरळायची.

थोरली बहीण छाया सुट्टीवर आली ती नेमकी या गर्दीत. ती सैन्यात कॅप्टन होती, डॉक्टर होती आणि सध्या एम.डी. करत होती, तेही रोग बरा करण्याचं नाही, होऊच नये म्हणून काय करायचं त्याचं. गावाला हे काही उमगत नसे. "इंजेक्शन नाई, आपरेशन नाई, मंग करतं काय तू?" मालीश करणाऱ्या जनकाबाईनं मागे विचारलं होतं. "छावणीतले संडास मोजतो, पाणी तपासतो," छाया म्हणाली होती, आणि जनकाबाईला तिची कीव आली होती.

छायानं वाद घातला नाही. पूनमला आणि बाळाला अंगणातच राहू दिलं. "पंधरा मिनिटांनी मले हाक मारा, बाबा," असं वडिलांना सांगून ती खोलीत शिरली आणि दार लावून शेगडीपाशी बसली. धूर अजिबात नव्हता. निखारे छान लाल होते. थोड्याच वेळात कानशिलं ठणकू लागली, छातीवर कोणी हात ठेवून दाबल्यासारखं झालं. कोपऱ्यात कौशल्याआत्या केस मोकळे सोडून पाठमोरी बसली होती. आत्यानं हळूच मान वळवायला सुरुवात केली. छाया घाबरली, सगळं ठाऊक असूनही घाबरली. हाक यायच्या आधीच ती धडपडत बाहेर आली आणि ओसरीच्या खांबाला धरून श्वास घेत राहिली.

गेल्या हिवाळ्यात शिक्षणाचाच भाग म्हणून तिला उंच पहाडातल्या एका चौकीवर पाठवलं होतं. तिथं पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्या जवानांच्या छातीवर एक मेलेला हवालदार येऊन बसायचा. तिच्या सरांनी तिला तीनच प्रश्न विचारायला लावले: कोणाला, कुठं, कधी. बाहेर बर्फात पहाऱ्यावर उभ्या असलेल्या जवानाच्या वाटेला तो हवालदार कधीच गेला नव्हता. रॉकेलच्या शेगडीचं धुराडं बर्फानं बुजलं होतं.

"मावशी, तुम्हाले त्या खोलीत काही होते का?" तिनं जनकाबाईला विचारलं.

"होते ना. मालीश करता करता डोकं फुटते. घरी गेलं का बरं वाटते."

"बाबा, तुम्ही ओसरीवर झोपता. तुम्हाले?"

"मले कायचं होते?"

छाया महाराजांकडं वळली. "महाराज, पूनमच्या जागी तुम्हीच बसा आत. अर्धाच तास. मी दार लावतो. तुमच्यापुढं हडळ टिकते का पाहू."

गर्दीला हे फार आवडलं. "बसा ना महाराज," चारी बाजूंनी आवाज आले. महाराजांनी खोलीत डोकावून शेगडीकडं पाहिलं.

"बसतो ना. फक्त ते... खिडकी उघडी ठेवा."

मग नारायणराव सावकाश म्हणाले, "महाराज, मठाच्या आधी तुम्ही कोळशाच्या भट्टीवर होते ना? धा-बारा वर्सं?"

महाराजांना एकाएकी मठातली आरती आठवली. कुंचा बाजेवरच राहिला.

"कोळसा कोंडीत जळला का त्यातून एक वायू निंघते," छायानं सगळ्यांना सांगितलं. "त्याले ना रंग, ना वास. रक्तातली हवेची जागा तोच खाते. मंग डोकं दुखते, छाती दडपते, नाई ते दिसते, अन् शेवटी झोप लागते ते कायमची. मोकळ्या अंगणात आणलं का माणूस शुद्धीवर येते, कुंचा फिरवा का नका फिरवू. बाळंतिणीले ऊब द्या, पण पेटती शेगडी बंद खोलीत ठेवू नका. अन् कोणाले असं झालं, तर पह्यले बाहेर काढा, मंग दवाखान्यात न्या. अंगात कोण आलं ते मागून इचारा."

पूनम आणि बाळाला दवाखान्यात घेऊन जायला जीप आली. अन्नपूर्णाबाई मात्र उठली नव्हती.

"छाये, कौशल्याबी तसंच म्हणे. वैनी, खिडकी उघडा. दोनदा म्हणली. मले वाटलं, तिच्यातून दुसरंच कोणी बोलून राह्यलं." तिनं खोलीकडं पाहिलं. "मी आणखी चिंध्या कोंबल्या."

छाया आईजवळ बसली. जीपचा हॉर्न वाजला तसा आईनंच तिला हातानं लोटलं.

जीप गेल्यावर अन्नपूर्णाबाई खुरपं घेऊन खोलीत शिरली. वरच्या चिंध्या या आठवड्यातल्या होत्या. त्यांच्याखाली, फटीत खोलवर, एका जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा निघाला. तिनं तो मांडीवर ठेवला आणि गंजलेली कडी खुरप्यानं ठोकून खिडकी उघडली. बाहेर दिवेलागण झाली होती.

"कौशल्या," ती म्हणाली, "उघडली वं माय."