चौथ्या मजल्यावरची बादली

खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत साफसफाई करणाऱ्या बायकांना आठ तासांत कुठेही बसायची मुभा नव्हती. खुर्चीत बसून पाठ धरते म्हणून साहेबलोकांसाठी तळमजल्यावर जिम होती. उभ्या माणसालाही गुडघे असतात, हे मात्र कुणाच्या ध्यानी आलं नव्हतं. पण बायका तरी कुठे कच्च्या गुरूच्या चेल्या होत्या! चौथ्या मजल्यावर पाण्याचे पाइप जातात तिथे एक अंधारी खोबण होती. दार लोटलं की बाहेरून कपाटच वाटे. आत एक निळी बादली पालथी घातलेली. दारावर दोनदा टकटक करायची आणि पाळीपाळीने दहा मिनिटं बसायचं. दोन वर्षांत हे गुपित एकीनेही फोडलं नव्हतं.

ती बादली तिथे ठेवली द्वारकाने. अकोल्याकडची विधवा बाई, येरवड्यात एका खोलीत राहायची. उजवा गुडघा कामातून गेलेला, आणि मुलगी आनंदी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. मुलगी नर्स होईपर्यंत गुडघा टिकू दे, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

श्रावणात उत्कर्षा नावाची मुलगी कामावर आली. बारावी नापास, घरी अडचण, असं तिने सांगितलं. पुढे पुढे फरशी पुसत जायची आणि ओल्यावर स्वतःच पाय देत परत यायची. द्वारकाने तिला मागे सरकत पुसायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी पोरीचे पाय सुजले आणि ती जिन्यात रडायला लागली. द्वारकाला राहवलं नाही. तिने तिला हाताला धरून खोबणीत नेलं.

"बस इथं. अन् कोनाले सांगू नको, माय."

"गळ्याशपथ नाही सांगणार, मावशी."

महिना भरला आणि पोरगी आली तशी नाहीशी झाली.

ती निघाली वर्तमानपत्रातली. तिथले संपादक रंगनाथ यांचा नियम असा, की नव्या वार्ताहराने महिनाभर कष्टाचं काम केल्याशिवाय लेखणी धरायची नाही. नियम वाईट आहे असं कोण म्हणेल? फरक एवढाच, की उत्कर्षाचा महिना संपणार होता आणि द्वारकाचा संपत नव्हता.

रविवारी तिचा लेख छापून आला. आनंदीने तो आईला मोठ्याने वाचून दाखवला. द्वारकाचं नाव बदलून शेवंता केलं होतं. बाकी सगळं होतं तसंच: अकोला, उजवा गुडघा, चौथा मजला, निळी बादली, दोनदा टकटक. एक अक्षर खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

सोमवारी खोबणीला कुलूप होतं. सुपरवायझर जयसिंगने तिला बाजूला घेतलं.

"अहो, तुमच्या गुडघ्याचं पेपरात आलंय. कंपनी म्हणते, आजारी बाईला राबवणं माणुसकीला धरून नाही. उद्यापासून आराम करा." मग जाता जाता म्हणाला, "घरात कुणी धडधाकट असेल तर पाठवा. जागा रिकामीच आहे."

पंधरा दिवसांनी उत्कर्षा पेढे घेऊन येरवड्यात आली. लेखाचं कौतुक झालं होतं, नोकरी कायम झाली होती. दारातच तिला द्वारकाने काम गेल्याचं सांगितलं. पोरीचं तोंड उतरलं.

"पण मावशी, मी नाव बदललं होतं!"

चाळीस बायकांत अकोल्याची लंगडणारी बाई एकच होती. हे तिला तेव्हा सुचलं नाही, आणि संपादकांच्या नियमात ते शिकवलेलं नव्हतं. द्वारकाला संताप आला होता, पण समोर रडणारी पोर बघून तोही धड टिकेना.

"मी यावर पुन्हा लिहीन. कंपनीला उघडं पाडीन."

"नको लिहू वो माय. हात जोडते तुले."

उत्कर्षाने डोळे पुसले. "आनंदी कॉलेजला गेलीय?"

"कॉलेज सुटलं तिचं. कामावर गेली. माह्या जागेवर."

उत्कर्षाच्या हातातला पुडा तसाच राहिला. तिला उभं राहवेना, आणि खोलीत खुर्ची नव्हती. द्वारकाने मोरीतली बादली ओढली, पालथी घातली आणि तिच्यापुढे सरकवली.

"बस पोरी," ती म्हणाली. "इथं कोनी काही म्हनत नाही."