वरचे झरोके

"पोचूभाऊ, शिडी कुठी हाय?"

आरोग्य केंद्राचा चौकीदार पोचू संध्याकाळचा चहा पीत होता, तो कप हातात धरून बघतच राहिला. फाटकात तीनचाकी अ‍ॅपे उभा, अ‍ॅपेत नव्याकोऱ्या पत्र्याचा दांडगा कूलर, आणि शेजारी बगलेत बारदान्याचे तुकडे मारून मुखरू. सिंदेवाहीत कूलर बनवणारा मुखरू. त्याच्या हातचा कूलर नाही असं घर त्या भागात शोधूनच काढावं लागलं असतं.

"सिस्टरबाईले पुसलं का?" पोचूनं विचारलं.

"सिस्टरबाई मीटिंगले गेल्या चंद्रपूरले. उद्या येतीन. तोवर माह्या पोरीनं काय शिजून निघाव का?"

पोचूच्या घरच्या कूलरचा जळका पंप याच मुखरूनं गेल्या आठवड्यात बदलून दिला होता. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? त्यानं शिडी आणून दिली आणि कूलर उतरवायला हातही लावला.

आतल्या खोलीत मुखरूची लेक दिव्यानी बाळंत होऊन निजली होती. परवाच तिला मुलगी झाली. पोर तशी ठीक होती, पण वजनाला फार कमी. केंद्राच्या नर्सबाई खुर्शीदा सिस्टर यांनी तिला आईच्या छातीशी मऊ कापडानं बांधून दिलं होतं आणि वजन भरेपर्यंत घरी न्यायचं नाही असं बजावलं होतं. उशाशी मुखरूची बायको सुगंधाबाई ठाण मांडून बसलेली.

मुखरूचा सगळा राग त्या इमारतीवर होता. जंगलाच्या कडेच्या या गावात आरोग्य केंद्र नवं बांधलं तेव्हा त्याचं बरंच कौतुक झालं होतं. मातीच्या दाबलेल्या विटांच्या हातभर जाड भिंती, बाहेरून पांढराफटक चुना, पश्चिमेला खोल ओसरी, आणि स्लॅबवर ऊन अडवायला कुंभाराची मडकी उलटी मांडून त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवलेले. मडकी मांडायला गावातल्या बाया स्वतः वर चढल्या होत्या म्हणे. ते सगळं ठीक. पण एवढ्या नव्या दवाखान्यात एक कूलर नाही! विचारलं तर सिस्टर म्हणायच्या, याले लागत नाई भाऊ. मे महिना, चंद्रपूर जिल्हा, आणि म्हणे कूलर लागत नाही. मुखरूला हसावं की रडावं कळेना.

खरं तर त्याला रडूच येत होतं, आणि त्याला कारण होतं.

दोन उन्हाळ्यांमागे दिव्यानी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तेव्हाही मुलगीच झाली, तीही अशीच नाजूक. दवाखान्यातून घरी आणल्यावर मुखरूनं आपल्या टिनाच्या खोलीत सगळ्यात भारी कूलर लावला आणि दिवसरात्र पाणी ओतत राहिला. एका दुपारी विजेची लाइन गेली ती गेलीच. वरचा टिन तापून खोलीचा भट्टा झाला. सुगंधाबाईनं ओली फडकी टांगली, मुखरूनं हात मोडेस्तोवर पंखा हलवला, शेवटी गाडी मिळाली, पण दवाखान्याच्या वाटेवरच पोरीनं डोळे मिटले. डॉक्टर म्हणाले, आधीच अशक्त होती, त्यात हे ऊन. घरात कुणी कुणाला बोल लावला नाही. मुखरूनं मात्र मनाशी एक खूणगाठ बांधली होती, की आपला कूलर कमी पडला. तेव्हापासून तो फावल्या वेळात हा एक कूलर घडवत होता. मोठं टाकं, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या जाड ताट्या. गिऱ्हाइकानं मागितला तरी विकायचा नाही. ज्या दिवशी दिव्यानीला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं, त्या दिवशी त्यानं त्याला रंग दिला.

तेव्हा सिस्टर गावात नाहीत म्हटल्यावर हा गडी थांबतो कशाला?

उत्तरेकडच्या खिडकीत त्यानं कूलर बसवला. मग शिडी लावून वर चढला. छताच्या अगदी खाली भिंतीत चार झरोके होते, नक्षीचे, उघडे. कूलरवाल्याची नजरच अशी की खोलीत शिरल्या शिरल्या भोकं आधी दिसतात. आमच्याकडे होळी झाली की घरोघरी हेच करतात, लू, म्हणजे दुपारची गरम झळ, आत येऊ नये म्हणून वरच्या खिडक्यांत पोती कोंबतात. मुखरूनं चारही झरोक्यांत बारदाना ठासून बसवला.

"गार हवा वरून पळून जाते ना," त्यानं खालून बघणाऱ्या दिव्यानीला समजावलं. "दरवाजा मात्र थोडासाक उघडा ठेवजा."

"दरवाजा कायले उघडा?" सुगंधाबाई फणकारल्या. "बाळंतीन हाय ते. वारा लागन."

बाळंतिणीच्या बाबतीत त्या घरात सुगंधाबाईंचा शब्द शेवटचा होता. दार लागलं, कूलर घुमू लागला, आणि खोलीत वाळ्याचा वास पसरला. दिव्यानीनं पायावर चादर ओढली. लेकीला चादर ओढताना बघून त्या माणसाला केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू! ओसरीवर आडवा झाला आणि कितीतरी दिवसांनी घोरला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लाइन गेली.

सोलरवर दोन बल्ब आणि लसीचा फ्रिज तेवढा चालायचा. कूलर हूं करून थांबला. मुखरू मनात म्हणाला, येईल आत्ता. लाइन आली नाही. रात्रभर आत फेकलेली ओल खोलीत तशीच कोंडलेली होती. भिंतींना हात लावला तर हाताला चिकट लागायचं. थोड्या वेळात ताट्या सुकल्या आणि कूलरच्या पोटातून बाहेरची लू सरळ आत यायला लागली.

"बाबा," दिव्यानीचा आवाज बारीक झाला होता, "हे दूधच धरून नाई राह्यली. पहा ना, कशी लाल झाली."

मुखरूनं हातपंखा उचलला. सुगंधाबाई फडकं ओलं करायला उठल्या आणि मध्येच थांबल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्या मनात तीच टिनाची खोली आली होती.

तेवढ्यात ओसरीवर चपला वाजल्या. खुर्शीदा सिस्टर दुपारच्या गाडीनं उतरून, डोक्यावरची ओढणीही न सोडता सरळ खोलीत शिरल्या. दारातच थबकल्या.

"अरे देवा! हे काय करून ठेवलं? हा कूलर कोनाचा?"

"माहा हाय," मुखरू म्हणाला.

त्या रागावल्या नाहीत. रागवायला वेळच नव्हता. पर्स खाटेवर टाकून त्यांनी बाळ आईच्या छातीवरून उचललं, डोक्यावरचं टोपडं आणि अंगावरचं कापड सैल केलं, थर्मामीटर लावला.

"आंग तापलं हिचं. दिव्यानी, घाबरू नको, आत्ताशी तापलं हाय, उतरन. मुखरूभाऊ, ते वरचे बोंदरे काढा पयले. पोचू, कूलर ओढ बाहेर अन खिडकी लाव. सुगंधाबाई, दरवाजा उघडा, पडदा तेवढा राहू द्या."

"वारा लागन ना, बाई..."

"लागू द्या. माह्यावर सोडा."

मुखरू शिडीवर चढला. खाली जेवढं उकडत होतं त्याच्या दुप्पट वर होतं. छताखाली डोकं गेलं तसा त्याला श्वास घेववेना. सारी खोलीभरची वाफ वर येऊन थांबली होती आणि तिला जायला वाट नव्हती. वाट त्यानंच बुजवली होती. त्यानं पहिल्या झरोक्यातला बारदाना उपसला. दुसऱ्यातला उपसला. तिसऱ्याला हात घातला तेव्हा गालाजवळून गरम हवा सुरकन बाहेर गेली.

आयुष्यभर हा माणूस हवा आत ओढत आला होता. हवेला बाहेर जाऊ द्यायचं असतं, हे त्याला त्या शिडीवर कळलं. आणि त्याच क्षणी दोन वर्षांपासून उरात अडकलेलं काहीतरी हललं. त्या वेळी कूलर लहान पडला नव्हता. त्या टिनाखाली केवढाही कूलर लहानच पडला असता.

चौथा बोळा काढून तो खाली उतरला आणि बारदाना हातात घेऊन तसाच उभा राहिला.

सिस्टरांनी बाळाला मोकळं करून पुन्हा आईजवळ दिलं. सुती फडकं कोमट पाण्यात पिळून तिचे हातपाय पुसले. थेंब थेंब दूध पिळून चमच्यानं तोंडात सोडलं. खोलीतली कोंदट ओल हळूहळू उतरली. बाहेर लू फुफाटत होती, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, पण आत त्या जाड भिंतींचा गारवा परत जाणवू लागला. कितीतरी वेळानं पोरीनं ओठ हलवले, चाचपडली, आणि छातीला लागली. दिव्यानीनं डोळे मिटले. तिच्या कानशिलावरून पाणी ओघळलं, ते घामाचं नव्हतं.

"घेऊन राह्यली," ती म्हणाली.

मुखरू बाहेर ओसरीवर जाऊन बसला. त्याला आत बसवेना. थोड्या वेळानं सिस्टर पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि बाजूच्या बाकावर टेकल्या.

"ताप उतरला. आता पीत हाय चांगली."

मुखरूनं तांब्या तोंडाला लावला.

"माहीच चूक झाली, भाऊ," सिस्टर म्हणाल्या. "लागत नाई, लागत नाई एवढंच म्हनत राह्यली. काऊन लागत नाई ते सांगाले पाह्यजे होतं. आमी रातच्याले सगळ्या खिडक्या उघडतो, भिंती गार करून घेतो. दिवसा खिडक्या बंद. गरम हवा वर जाते, झरोक्यातून निंगते. बस, एवढंच."

"रातभर तर म्या कूलर चालवला. झरोके बुजवून."

"हो ना. भिंती गार होतीन कशा?" त्या जराशा हसल्या. मग म्हणाल्या, "अन भाऊ, तुमचा कूलर चालते कशावर? लाइनवर. लाइन बनते कोळशावर. कोळसा जळते तसं ऊन वाढते, ऊन वाढलं का लोक अजून कूलर आनतेत. एका कूलरनं नाई होत, पन सारी दुनियाच तसं करून राह्यली. कुठीतरी थांबाव लागन ना? म्हनून या दवाखान्याले असा बांधला."

ऊन वाढतंय हे मुखरूला कुणी सांगायची गरज नव्हती. पूर्वी होळीनंतर माळ्यावरून उतरणारे कूलर आता महाशिवरात्रीलाच त्याच्या दुकानी येत. ज्या जंगलातल्या गावांत कुणी पंखाही विकत घेत नसे, तिथून आता बोलावणी येत. दरवर्षी ऊन वाढलं की त्याचा धंदा वाढे, आणि तो मनातल्या मनात खूश होई. या उन्हानंच त्याचं घर चालवलं होतं. त्याच उन्हानं त्याची नात नेली होती. दोन्ही गोष्टी त्यानं आजवर एकमेकींजवळ ठेवून पाहिल्या नव्हत्या.

तो उठला आणि सिस्टरांपुढे हात जोडून उभा राहिला.

"सिस्टरबाई, तुमचे उपकार..."

"मले नका हात जोडू," त्या घाईनं म्हणाल्या. "मी तर आत्ताशीच आली. रोज तर हे भिंतच सांभाळते ना पोरायले."

त्या आपल्या थट्टेनं बोलून गेल्या. पण मुखरू सरळ वळला, आणि त्या चुन्याच्या भिंतीला त्यानं दोन्ही तळवे लावले, मग कपाळ टेकलं. विटा कुणी दाबल्या, मडकी कुणी घडवली, कुठल्या बाया भर उन्हात वर चढून ती मांडत बसल्या, त्याला एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. त्या सगळ्यांना मिळून त्यानं तो नमस्कार केला. सिस्टर ओढणीनं तोंड पुसून आत गेल्या.

संध्याकाळी अ‍ॅपे आला. पोचूनं आणि अ‍ॅपेवाल्यानं कूलर वर चढवला. मुखरूनं दोरी आवळून बांधली आणि निरोप घ्यायला खोलीत आला. लाइन अजून आली नव्हती. सुगंधाबाई उघड्या दाराशी बसून भाजी निवडत होत्या आणि वाऱ्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या.

मुखरूनं सवयीनं खिडकी पाहिली, छत पाहिलं. काही आवळायचं नव्हतं, काही भरायचं नव्हतं. हातांचं काय करावं ते त्याला सुचेना.

"बाबा," दिव्यानी म्हणाली, "तुमी हिले अजून घेतलंच नाई."

खरंच घेतलं नव्हतं. पहिलीला त्यानं शेवटचं घेतलं होतं ते गाडीत, आणि त्यानंतर कुठल्याच लहान पोराला हात लावायचा त्याला धीर झाला नव्हता.

"हात खराब हायेत माहे. दोरीचे, गंजाचे."

"धुऊन या."

तो मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आला, अंगातल्या बनियनलाच पुसले, आणि खाली मांडी घालून बसला. दिव्यानीनं कापडात गुंडाळलेली पोर त्याच्या मांडीवर ठेवली. ती झोपली होती. बाहेर अ‍ॅपेवाल्यानं हॉर्न दिला. मुखरूनं लक्ष दिलं नाही. त्यानं भीतभीत एक बोट पोरीच्या मानेखाली सरकवलं, जिथे पहिलीची मान घामानं निथळायची, आणि तिथेच ठेवलं.

मान कोरडी होती.