उलटा घातला की दिसतं

मित्रांनो, मला स्वतःचं नाक नाही की कान नाहीत, तरी माझं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या नाकाकानांवर गेलं. मी एक जुना चष्मा आहे. सध्या माझा मुक्काम एका केशकर्तनालयाच्या खणात आहे, दात पडलेल्या फण्या आणि पावडरच्या रिकाम्या डब्यांसोबत. शेजार वाईट नाही. कुणी फार बोलत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका यंत्राने मला कापलं, दुसऱ्याने घासलं, तिसऱ्याने पुसलं. माणसाचा हात लागला तो थेट खोक्यात भरताना. माझी निवड मात्र घरगुती झाली. आप्पांचे चिरंजीव आणि सूनबाई फोनवर बोट फिरवत बसले होते आणि आप्पांच्या फोटोवर एकेक फ्रेम चढवून बघत होते.

"ही नको, यात आप्पा घुबडासारखे दिसतात," सूनबाई म्हणाल्या.

"फोटोचा दोष आहे."

"फोटोचा नाही."

शेवटी त्यांनी मला पसंत केलं, कारण मी गोल होतो आणि गोल फ्रेम दुकानाला शोभणार होती. ज्यांच्या नाकावर मी बसणार होतो ते आप्पा पलीकडे वस्तऱ्याला धार लावत होते. "हातात घेऊन बघायला नको का रे?" त्यांनी विचारलं.

"आप्पा, आता असंच घेतात," चिरंजीवांनी मान वर न करता सांगितलं. विषय संपला.

आप्पांचं केस कापायचं दुकान होतं. म्हणजे दुकान आता चिरंजीव चालवत, पण दाराजवळची पहिली खुर्ची अजून आप्पांची होती. जुनी गिऱ्हाइकं त्या खुर्चीसाठी वाट बघत बसत. आप्पांच्या उजव्या डोळ्याला जाड भिंग लागे आणि डाव्याला अगदी पातळ. मी नाकावर बसलो आणि पहिल्याच दिवशी आप्पांना समोरच्या मास्तरांच्या मानेवरची लव दिसली. "वा!" आप्पा म्हणाले. "मास्तर, इतकी वर्षं हे काय पोसलंय तुम्ही?" दुकान हसलं. मित्रांनो, तो माझ्या वैभवाचा काळ. आप्पा मला मऊ फडक्याने पुसत, तोंडाची वाफ देत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "मुलाने घरबसल्या मागवून दिलाय."

मग एका दुपारी आप्पांनी घाम पुसायला मला काढलं आणि खुर्चीच्या गादीवर ठेवलं. एक वजनदार गृहस्थ आले आणि बसले. मी काही बोलायच्या आत सगळं आटोपलं होतं. एक काडी निखळली, चौकट दोन्हीकडे फाकली आणि भिंगं टरफलातून दाणे निघावेत तशी बाहेर पडली. गृहस्थ उठले, "काहीतरी टोचलं," म्हणाले आणि पुन्हा बसले.

नाक्यावर चष्म्याचं दुकान होतं. पण चिरंजीवांना दुरुस्तीचा व्हिडिओ सापडला. सूनबाई फोन धरून उभ्या राहिल्या आणि माझी शस्त्रक्रिया सुरू झाली. केस वाळवायच्या यंत्राने त्यांनी माझी चौकट भाजून मऊ केली. काडीचा स्क्रू हरवला होता, तिथे स्टेपलरची पिन ठोकली. झटपट चिकटणारा गोंद ओतला. त्याने प्रथम चिरंजीवांचा अंगठा मला चिकटला, आणि तो सोडवताना मी पुन्हा मोडलो. शेवटी भिंगांची पाळी आली.

"यातलं कुठलं कुठे?" चिरंजीवांनी बायकोला विचारलं.

"गोल आहेत. कुठेही बसतील."

दाबली आणि खरंच बसली. "बसली ना? मग बरोबरच असणार," चिरंजीव म्हणाले. आप्पा हातभर अंतरावर फण्या धूत होते. त्यांना कुणी विचारलं नाही. जाड भिंग डावीकडे गेलं, पातळ उजवीकडे.

आप्पांनी मला घातलं आणि डोळे मिचकावले. "जरा अंधुक दिसतंय रे."

"सवय होईल."

"आधी सवय होती की."

"आप्पा, माझा अंगठा सोलून निघालाय. तुम्हाला काही कौतुकच नाही."

आप्पा परत फण्यांकडे वळले. मुलाने एवढं केलं, तेव्हा खोट चष्म्यात कशी असेल? खोट डोळ्यांतच असणार, असं त्यांनी ठरवलं. बाप असल्याने त्यांना ते सहज जमलं.

त्यानंतर गिऱ्हाइकांचे कल्ले एक वर, एक खाली होऊ लागले. एकाने आरशात पाहून विचारलं, "आप्पा, दुसरा उद्या कापणार का?" मग मास्तरांच्या कानाला कात्री लागली. पांढऱ्या कापडावर लाल ठिपके पडले. मास्तर भला माणूस, "काही नाही, काही नाही," म्हणाले, आणि पुढच्या वेळी मुकाट्याने चिरंजीवांच्या खुर्चीत जाऊन बसले. मग सगळेच तिकडे बसू लागले. पहिल्या खुर्चीत आता आप्पाच बसत.

डोळे तपासून आणायचा विषय एकदा निघाला होता. "डॉक्टर काय वेगळं सांगणार?" सूनबाई म्हणाल्या. "वय झालं, एवढंच." चिरंजीव त्या वेळी पहिल्या खुर्चीची जागा टेपने मोजत होते. तिथे केस धुवायचं बेसिन छान बसणार होतं.

आणि मग तो दिवस आला. आप्पांनी मला पुसलं, कुणीतरी दारातून हाक मारली म्हणून घाईने डोळ्यांवर धरलं, आणि मी उलटा लागलो. माझ्या काड्यांचे वाक वर आभाळाकडे. मित्रांनो, गोल चष्मा उलटा धरला की डावीकडचं भिंग उजवीकडे येतं. आप्पा आरशासमोर थिजले. मग त्यांना बाटल्यांवरची अक्षरं दिसली, आणि स्वतःच्या भुवईतला एकेक केस.

"अरे, दिसतंय!" ते ओरडले. "उलटा घातला की दिसतं!"

सगळ्या दुकानाने वळून पाहिलं. मग हसण्याचा जो फवारा उडाला, त्यात एकाचा अर्धा साबण समोरच्या आरशावर गेला. कुणीतरी फोटो काढला.

"आप्पा, काढा तो," चिरंजीव म्हणाले.

"तू घालून तर बघ! मास्तर, या, बसा. तुमचे कल्ले करून दाखवतो." एका हाताने मला धरून आप्पांनी दुसऱ्या हाताने कात्री उचलली.

मास्तरांचा हात आपोआप कानाकडे गेला. ते उठले नाहीत.

चिरंजीवांनी बापाच्या हातातून कात्री काढून घेतली, लहान मुलाच्या हातातून घेतात तशी. "हल्ली असंच चाललंय," ते गिऱ्हाइकांना म्हणाले, आणि सगळ्यांनी समजूतदार माना हलवल्या. आप्पांना घरी नेलं. मला खणात टाकलं. घरात बसलेल्या माणसाला बघायचं काय असतं?

पहिली खुर्ची गेली, बेसिन आलं. एकदा नाक्यावरचा चष्मेवाला दाढीला आला. चिरंजीवांनी पावडर शोधायला खण उघडला आणि मी त्याच्या हाती लागलो. त्याने मला उजेडात धरलं आणि साबणातून हसला.

"अरे, भिंगांची अदलाबदल झालीय! मागवा अजून ऑनलाइन! तुझे वडील उलटा घालून बघत होते म्हणे. बरोबर बघत होते की."

चिरंजीवांचा वस्तरा त्याच्या गालावर थांबला. "किती वेळाचं काम आहे?"

"चहा निवायच्या आत होईल."

चिरंजीवांनी बेसिनकडे पाहिलं. नळ चकाकत होता. मग त्यांनी मला परत खणात ठेवून खण लावला. "कल्ले इतकेच ठेवू की जरा वर घेऊ?" त्यांनी विचारलं.

"घे जरा वर," चष्मेवाला म्हणाला. त्यानेही पुढे विषय काढला नाही. मी त्याच्या दुकानचा नव्हतो.

संध्याकाळी दुकानातला फोन वाजतो. आप्पांचा असतो. खणातून मला फक्त एकच बाजू ऐकू येते.

"हो आप्पा, दुरुस्तीलाच टाकलाय... नाही, विसरलो नाही... एक पार्ट मिळत नव्हता. ऑनलाइन मागवलाय. येईल."

तेव्हा मित्रांनो, चष्मा नेहमी डबीत ठेवा. दोन्ही हातांनी काढा. खुर्चीवर तर मुळीच ठेवू नका. आणि भिंगं निखळली, तर कुठलं कुठल्या डोळ्याचं हे ज्याचे डोळे त्यालाच विचारा. तो तिथेच, हातभर अंतरावर, फण्या धूत असतो.