आईच्या आवाजात

"सरळ बस ना मावशे, कुंकू वाकडं लागंल," रुपाली म्हणाली.

बानूबाई पाटावर सरळ बसली. बोलली मात्र नाही. तीन वर्षं झाली, ही बाई रुपालीसमोर तोंडातून अक्षर काढत नव्हती. पाणी हवं असलं की बोटानं तांब्या दाखवायची, पुरे झालं की मान हलवायची. पाटसला स्वतःच्या घरी मात्र तिची टकळी दिवसभर चालू. साखर कारखान्याचा भोंगा एक वेळ बंद पडेल, पण आमची ही नाही, असं तिचा नवराच म्हणायचा.

आज अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं या दिवशी एका सवाष्णीला पाटावर बसवायचं, तिची ओटी भरायची आणि तिला पोटभर जेवू घालायचं. ती जेवली की गेलेली जेवली. भामाबाईच्या नावानं दरसाल बसायची ती तिची पाठची बहीण, ही बानूबाई. भामाबाईच्या नवऱ्यानं, मल्हारीनं, बायकोच्या जागी दुसऱ्या कुणाला कधी बोलावलंच नव्हतं. त्यांची मुलगी रुपाली रांजणगावच्या एका कंपनीत जपानी साहेबांची दुभाषी होती आणि शिरूरला खोली घेऊन राहायची. नवमीला ती रजा टाकून भांडगावला बापाकडं यायची, पुरणपोळ्या करायची, आणि मावशीच्या पाया पडताना तिच्या तोंडाकडं बघायची नाही.

दोन हजार साली ती विद्यापीठाकडून वर्षभरासाठी जपानला गेली होती. आजापर्यंत मेंढरांमागं फिरलेलं घर, आणि पोर निघाली विमानानं! गावानं तोंडात बोटं घातली. हिरोसाकी नावाच्या त्या शहरात कमरेएवढा बर्फ पडायचा. दर रविवारी ती वसतिगृहाखालच्या फोनवरून गावातल्या तात्याबाच्या दुकानात फोन लावायची. आई तिथं आधीच येऊन बसलेली असायची.

जानेवारीत भामाबाईला कावीळ झाली आणि दौंडच्या दवाखान्यातून ती घरी आलीच नाही. घरच्यांनी ठरवलं, पोरीला कळवायचं नाही. कळलं तर ती धावत येईल, आणि अर्ध्यावर टाकलेलं ते वर्ष तिला पुन्हा कोण देणार? पण रविवार काही थांबत नाही. दोघी बहिणींचा आवाज इतका सारखा, की भिंतीआडून हाक आली तर त्यांचा बापही फसायचा. मल्हारीनं मेहुणीला पाटसहून आणलं आणि दुकानातल्या स्टुलावर बसवलं.

पुढं परत येईपर्यंत रुपाली मेलेल्या आईशी बोलत राहिली.

ऑगस्टात तिनं फोनवर सांगितलं होतं, "आये, हितं पितरं घरी येत्यात. लोक नदीत दिवं सोडत्यात, त्यांना वाट दिसावी म्हणून."

 तो आवाज म्हणाला, "आन् लांब जायचं आसंल तर? सापडती का वाट?"

रुपाली खळखळून हसली होती. ते हसू आठवलं की आजही तिला शिरूरच्या खोलीतला दिवा मालवायची भीती वाटायची.

त्याच फोनवर तिनं धीर करून दुसरंही विचारलं होतं. सावळाराममामाच्या हनुमंताशी तिचं लग्न ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. "आये, मला नोकरी करायचीय. मला हे लगीन न्हाई करायचं. तू म्हणशील तर करीन, पर मनात न्हाई माझ्या."

"मग न्हाई म्हणून टाक," आवाज म्हणाला. "मी हाय."

परत आल्यावर दौंड स्टेशनवरच मल्हारीनं तिला सगळं सांगितलं. आई गेली ते, आणि फोनवर कोण होतं तेही. तिला धड रडताही आलं नाही. महिनाभरानं सावळाराम तारीख ठरवायला आला. ओसरीवर माणसं बसलेली, चहा झालेला.

"मामा, मी लगीन करणार न्हाई," रुपाली म्हणाली. "आईनं मला परवानगी दिलीया. श्रावणात, फोनवर."

सगळं माहीत असूनही जिभेवर आईच आली. श्रावणात आई कुठली?  एकेकाची मान दाराशी उभ्या असलेल्या बानूबाईकडे वळली. सावळाराम उठला, त्यानं पायात चपला सरकवल्या आणि सख्ख्या बहिणीला म्हणाला, "माझ्या घराची पायरी चढू नगंस."

तेव्हापासून बानूबाईला माहेर नव्हतं, भाऊबीज नव्हती. रुपालीपुरता तिला आवाजही नव्हता.

हनुमंताचं दुसरीकडं लग्न झालं, त्याला मुलगीही झाली. रुपालीचा जीव मात्र एकाच ठिकाणी अडकला होता. आईनं खरंच हो म्हटलं असतं का? कंपनीत साहेबाचं बोलणं कामगारांना सांगताना ती मध्येच थांबायची. दुसऱ्याच्या तोंडचं बोलताना आपण त्यात स्वतःचं तर घालत नाही ना, असं तिला वाटायचं.

आज मल्हारी कावळ्याचा घास ठेवायला पत्र्यावर चढला होता. रुपालीनं मावशीच्या पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला, आणि तो पदर तसाच धरून ठेवला.

"मावशे, एक इचारते. मान हलवू नगं. बोल."

बानूबाईनं ओटीतला नारळ नीट ठेवला. मग हळूच म्हणाली, "तुला भ्या वाटंल."

घरात आई बोलली होती. रुपालीनं पदराची मूठ आवळली. "वाटू दे. आई असती तर व्हय म्हणली असती का?"

"न्हाई."

"न्हाई?"

"आक्कानं भावाला शबूद दिला व्हता. तू रडली असतीस, तुझ्यासंगं ती बी रडली असती, आन् लगीन लावलं असतं." बानूबाईनं पदर पोटाशी घेतला. "मी त्या स्टुलावर बसले आन् म्हणलं, आक्का तर गेली. तिचा आवाज तेवढा माझ्यापाशी हाय. त्यो भावाच्या कामाला लावू, का पोरीच्या? मेल्या माणसाच्या तोंडून खोटं बोलले मी. आता तुझ्यापुढं तोंड उघडाया गेलं की वाटतं, तीच बोलंल. मला इचारंल, बाने, माझ्या नावानं काय केलंस गं?"

रुपालीला राग आला. कुणाचा, ते तिला कळेना. इतकी वर्षं जो होकार उराशी धरला, तो आईचा नव्हताच, आणि आता तो कधी मिळणारही नव्हता. आईची आठवण अशी दाटून आली की ती तिथंच पोटभर रडली. मावशीनं तिला जवळ घेतलं नाही. तेवढा हक्क आपल्याला आहे का, हे तिला ठरवता येत नव्हतं.

थोड्या वेळानं रुपालीनं तोंड धुतलं. मावशीपुढं वाढलेलं केळीचं पान तिनं उचललं आणि देवापाशी ठेवलं. मग दुसरं पान मांडून त्यावर पोळी वाढली, भात-आमटी वाढली.

"ते आईचं. गाईला घालू," ती म्हणाली. "तू तुझ्या नावानं जेव."

"आसं कुठं करत्यात व्हय? मग सवाष्ण कोण?"

"यंदा बसवली न्हाई म्हणायचं."

मल्हारी दारात आला. त्यानं दोन पानं पाहिली, बायकोच्या पानाकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि पाय धुवायला गेला.

बानूबाईनं आमटीत भात कालवला. पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली.

हुबेहूब आई. रुपालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती मीठ आणायला उठली.