तांड्याच्या मागणीवरून

"वाहिदभाऊ, रेघ चुकली तुमची," भुरीबाई म्हणाली.

चुन्याची फक्की टाकत चाललेला मुकादम थांबला नाही. पांढरी रेघ पळसाच्या झाडापर्यंत सरळ आली होती. तिथून ती डावीकडे वळून आमदार मारोतरावांच्या व्याह्यांच्या जिनीकडे निघाली होती, जिथे कापसातून सरकी काढायचे. तांडा उजवीकडे होता. गिट्टी फोडणाऱ्या बायांचे हात एकामागून एक थांबले.

"चुकली नाही, बाई. ओव्हरसियरसायबानं खुंट्या गाडल्या, त्यावरूनच मारून राह्यलो."

"मंग खुंट्या चुकल्या."

"तुम्ही गिट्टी फोडा ना. रेघेकडे पाह्यसान तं बोट फुटन."

कोणी हसलं नाही. वाहिद जवळ येऊन उकिडवा बसला.

"आमदारसायबानं रस्ता मांगतला, वरून मंजूर झाला. कुठून कुठलोक मांगतला, हे मले कोण सांगते?"

"आमच्यासाठी मांगतला. नायकाले तसं बोलले ते."

"बोलले असतीन. मांगताना मी नोहतो, तुम्हीबी नोहत्या."

पांढरकवड्याच्या अलीकडचा हा तांडा काळ्या मातीत होता. पावसाळाभर बंडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. भुरीबाईचा नवरा लखीराम अशाच एका आषाढात ताप घेऊन बंडीत झोपला होता. माणसं चाक चिखलातून उपसत होती, तेवढ्यात तो बंडीतच गेला. म्हणून निवडणुकीत आमदारांनी रस्त्याचा शब्द दिला आणि खरोखरच काम निघालं, तेव्हा तांड्यात सर्वांत जास्त आनंद तिला झाला होता.

तेव्हा अडचण एकच होती. तांड्यातल्या घरांच्या दोन ओळी होत्या आणि दोन्हींच्या मधोमध, अगदी तोंडाशी, रस्ता आत यायचा तिथेच, भुरीबाईचं घर. तांड्याचा प्रमुख फुलसिंग नाईक सांगायला आला तो दारातच घुटमळला. विधवेला घर पाड म्हणायला त्याची जीभ उचलेना. तिनं ते ओळखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच छपरावर चढली आणि कवेलू उतरवू लागली. सून हंसा खालून कवेलू झेलत होती आणि रडत होती.

"रडते कायले? आपल्या घरातून तांड्याचा दवाखाना जवळ येऊन राह्यला."

भिंती पाडून दोघी दिराच्या गोठ्यात राहायला गेल्या. पाडलेली माती भुरीबाईनं पाटीपाटीनं पसरली, जागा सपाट केली. गिट्टी फोडायला बसली की ती इतर बायांना म्हणायची, नीट बारीक करा, आपल्याच पायाखाली येणार हाय.

रेघ वळली त्याच आठवड्यात ती नाईकाबरोबर पांढरकवड्याला गेली. मारोतराव ओसरीवर चारचौघांत बसले होते. त्यांनी चहा सांगितला.

"हिनं घर पाडलं जी, रस्त्यापाई," फुलसिंग हळूच म्हणाला.

"अरे अरे," मारोतराव म्हणाले. "एवढी घाई काहून केली, बाई?"

"सायब, सरकारात तुम्ही आमच्यासाठी काय मांगतलं, तेवढं सांगा."

"रस्ता मांगतला. होऊन राह्यला ना रस्ता?"

"कुठलोक मांगतला?"

"तसं नसते ते. खालून एक जाते, वरून दुसरं येते. नकाशे बदलतात."

"वरचं मले नाही समजत जी. तुमच्या तोंडून काय गेलं, ते इचारून राह्यली. तांड्याचं नाव घेतलं का जिनीचं?"

मारोतराव रागावले नाहीत, उलट त्यांचा आवाज मऊ झाला.

"नायक, तुमच्या बाया लय हुशार झाल्या. पुढच्या साली जोडून देऊ तांड्याचा तुकडा. चहा घे, बाई, थंडा होते."

परतताना फुलसिंगनं बंडी गावाबाहेर काढली. मग म्हणाला, "तू इचारलं नसतं तं बरं झालं असतं. आता पुढचा तुकडाबी जाईन."

"तुम्ही काहून नाही इचारलं, नायक?"

त्यानं बैल हाकले.

कामावर न जाऊन भागणार नव्हतं. भुरीबाई गिट्टी फोडत राहिली आणि रस्ता जिनीच्या फाटकाला लागला. पावसाळा तिनं गोठ्यात काढला. तांड्याच्या तोंडाशी तिनं सपाट केलेल्या जागेत पाणी साचलं.

कापसाच्या बंड्या यायच्या आधी उद्घाटन झालं. पळसापाशी मांडव पडला. तांड्याच्या बायांनी आरशांचे घागरे घालून यावं, असा निरोप होता. त्या आल्या आणि सतरंजीवर बसल्या. फुलसिंगला पुढे खुर्ची मिळाली, गळ्यात हारही पडला.

"हा रस्ता मी माझ्यासाठी मागितला नाही," मारोतराव भाषणात म्हणाले. "या तांड्याच्या मागणीवरून मागितला."

टाळ्या झाल्या. भुरीबाई उभी राहिली.

तांड्याच्या बैठकीत ज्याला काही विचारायचं असेल तो उभा राहतो. तो तोंड उघडत नाही. नाईक 'बोल' म्हणाला की बोलायचं. तोवर खाली बसायचं नाही. बाईलाही तोच नियम. सतरंजीवरच्या बायांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग नाईकाकडे.

फुलसिंगनंही तिला पाहिलं. त्याचे ओठ किंचित हलले. मग मान खाली घालून तो हाराची फुलं सारखी करू लागला.

मारोतरावांनी तिला ओळखलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. "पाहा, ही माय. रस्त्यासाठी हिनं आपलं राहतं घर दिलं."

जिनीची माणसं वळून पाहू लागली. टाळ्या पुन्हा झाल्या, आधीपेक्षा जास्त वेळ.

आणखी भाषणं झाली. पेढे वाटले गेले. जीप गेली, तिच्यामागून खुर्च्यांवरची माणसं गेली. नाईक तिच्या अगदी जवळून गेला. तो थांबला नाही.

"याडी, चाल ना आता," हंसा सासूला म्हणाली. तिनं हात धरला. तो हात तिला ओढवेना.

मांडववाले कनाती सोडू लागले. "बाई, सतरंजी काढाची हाय. जराशा बाजूले होता का?"

भुरीबाई सतरंजीवरून उतरली, नव्या गिट्टीवर आली आणि तिथं उभी राहिली.