अक्षताचं गाऱ्हाणं

नितेश दारूला शिवत नव्हता, हीच तर अक्षताची पंचाईत होती. पिणारा असता तर घाटकोपरची ती अख्खी चाळ तिच्या बाजूने बोलली असती. पण हा पडला चाळीच्या मंडळाचा कार्यकर्ता. म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणार, माघी गणपतीचा मांडव स्वतः उभा राहून बांधून घेणार, आणि घरात शिरून कडी घातली की बायकोला बडवणार. बाहेर म्हणे देवमाणूस. आग लागो असल्या देवमाणसांना!

या वेळी त्याने तिचा हात पिरगळला तो लहानग्या लेकीसमोर, जान्हवीसमोर. पोरगी पलंगाखाली जाऊन बसली, ती जेवायलाही बाहेर येईना. ते बघून अक्षता उठली आणि पोलीस ठाण्यात बसणाऱ्या समुपदेशक ताईंकडे गेली. ताईंनी पोलिसांना तिची तक्रार लिहून घ्यायला लावली. नवऱ्याला घराबाहेर ठेवायचा आदेश कोर्टाकडून आणू, म्हणाल्या, पण शेजारचं कुणी बोललं तर काम पक्कं होईल.

शेजारी म्हणजे विमलाकाकू. मधे एकच भिंत, पलीकडे कुणी शिंकलं तरी इकडे कळतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, पदराशी चाळा केला आणि नवरा-बायकोच्या भांडणात आपण कुठे पडायचं, असं पुटपुटत चहा टाकायला आत गेल्या. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. आळीमिळी गुपचिळी.

मग ती नानांकडे गेली. नाना कणकवलीकडचे, जन्म गिरणीत गेलेला. दरवर्षी गणपतीपुढे चाळीचं गाऱ्हाणं तेच घालत. कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाची गुडघेदुखी, सगळं देवाला मोठ्याने सांगायचं आणि दर मागणीला जमलेल्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं, अशी रीत. अक्षता म्हणाली, यंदा माझंही घाला.

नानांनी तिला समोर बसवलं.

“पोरी, देवासमोर मला खोटं बोलवत नाही. आणि खरं बोललो तर तुझं घर मोडेल.”

“मोडू दे, नाना. आम्ही दोघी वाचू.”

माघी चतुर्थीला आरती झाली. मांडव भरलेला, नितेश ताट घेऊन पुढेच उभा. नानांनी हात जोडले.

“बा गणराया, ह्या चाळीतल्या लेकीबाळींका सुखी ठेव रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” त्यात नितेशचा आवाज सगळ्यांत मोठा.

“त्यातली एक लेक, आमची अक्षता, नवऱ्याच्या हातचो मार खाता. आमी सगळ्यांनी कानान आयकला नि तोंड बंद ठेवला. ह्यो गुन्हो आमचो. तो पोटात घाल, आणि तिच्या पाठीशी उभी रवाची बुद्धी ह्या चाळीक दी रे महाराजा!”

मांडवात चिडीचूप. नितेशने वळून अक्षताकडे पाहिलं. अक्षताचा जीव नुसता टांगणीला लागला. कुणीच काही म्हटलं नाही तर आज घरी गेल्यावर आपलं काय होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“व्हय महाराजा,” विमलाकाकू म्हणाल्या. आवाज चिरका, पण ऐकू आला. मग मागून एक, मग चार, मग सगळा मांडव.

देवापुढे होय म्हटल्यावर पोलिसांपुढे नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? दुसऱ्या दिवशी काकू आणखी चौघींना घेऊन ठाण्यात गेल्या. तिथे त्यांना विचारलं, तुम्ही काय काय ऐकलंत. “सगळं,” काकू म्हणाल्या, “ती लग्न होऊन आली तेव्हापासूनचं सगळं,” आणि रडायला लागल्या. अक्षताला त्यांचा भयंकर राग आला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं. आदेश हातात पडेपर्यंत मायलेकी काकूंकडेच राहिल्या. नितेशची एकदा दारापर्यंत यायची हिंमत झाली, तर नाना काठी घेऊन उंबऱ्यातच बसलेले.

शेवटी कोर्टाने त्याला घरात पाऊल टाकायला बंदी केली. तो मानखुर्दला भावाकडे गेला आणि अक्षता आपल्या घरी परतली. त्या संध्याकाळी भात लावताना तिच्या हातून कुकरचं झाकण निसटलं आणि फरशीवर धाडकन आदळलं. खाली वाकून ती ते उचलते न उचलते तोच दारात विमलाकाकू, त्यांच्या मागे आणखी दोघी. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या पायात चपलाही नाहीत.

“काय झालं गं?”

अक्षताला बोलताच येईना. झाकण उराशी धरून ती हमसून हमसून रडली आणि मग म्हणाली, “काही नाही. झाकण पडलं.”